उतरताना डावा पाय

“डांबरावर चालून पालखी उचलणार काय? पालखी म्हणजे काय एस्टी हाय?”

मागून आवाज आला आणि मी काठी टेकून जागच्या जागी थांबलो. वळून बघायची गरज नव्हती. आवाज म्हादूचा होता, माझ्या चुलत भावाचा. त्यानं काय म्हटलं याच्यापेक्षा तो माझ्याशी बोलला हीच मोठी बातमी होती. आमचं बोलणं बंद होऊन इतकी वर्षं झाली होती की वाडीत नव्यानं आलेल्या सुनांना आम्ही भाऊ आहोत हे कुणीतरी सांगावं लागायचं.

“तुला कोणी विचारला?” मी म्हणालो.

“विचारला नाय कोणी. दिसला म्हणून बोललो.” तो माझ्या बाजूनं पुढं झाला. खांद्यावर कोयता, डोक्याला पंचा. “पालखी येते पाखाडीनं. रस्त्यानं कधी आलेली ऐकली नाय मी.”

एवढं बोलून तो काजूच्या झाडांत शिरला. मी तिथंच उभा. राग आला होता, आणि रागापेक्षा वाईट गोष्ट ही की तो खरं बोलला होता.

आमच्या वाघजाईचं देऊळ वर टेकाडावर आहे आणि आमची मधली वाडी खाली. दोन्हींच्या मध्ये जांभ्या दगडांच्या पायऱ्यांची वाट आहे, तिला आम्ही पाखाडी म्हणतो. डांबरी रस्ता नंतर झाला आणि लांबून वळसा घालून येतो. माणसं रिक्षानं येतात, गॅसची टाकी टेम्पोनं येते, पण शिमग्यात देवीची पालखी येते ती पाखाडीनंच. आजोबांच्या आधीपासून तसंच आहे.

त्या पालखीला पुढून दोघं आणि मागून दोघं लागतात. सगळ्यात पुढचा खांदा आमच्या घराचा. सहाणेवरून, म्हणजे देवळापुढच्या ज्या दगडी ओट्यावर पालखी बसते तिथून ती उचलायची, पाखाडीनं वाडीत आणायची आणि वाडीच्या मांडावर ढोलाच्या तालात नाचवायची. हा सगळा मिळून एकच मान. आणि गावचा नियम असा की ज्या घराचा खांदा एका शिमग्याला चुकला, त्या घराचा मान भावकीतल्या पुढच्या घराला गेला. मग परत मागून मिळत नाही. पुढचं घर म्हणजे म्हादूचं.

म्हादूचा खांदा मागचा. त्यानंच एकदा गावच्या सभेत उभं राहून सांगितलं होतं, “अनाजीला झील नाय. आज ना उद्या मान आमच्याकडं यायचाच हाय, तर आत्ताच का नको?” माझी एकुलती एक लेक रंजना तेव्हा लग्नाच्या वयाला आली होती. तिच्या कानावर ते गेलं, आणि मी म्हादूच्या अंगणात पाऊल टाकायचं सोडलं. त्यानंही माझ्या टाकलं नाही. वर्षातून एकदा मात्र आम्ही दोघं एकाच दांडीखाली असायचो, पुढं मी आणि मागं तो. तेव्हाही शब्द नाही.

आता माझ्या पायाचं सांगतो. मी एस्टीत ड्रायव्हर होतो. सगळी नोकरी घाटांत गेली. आंबा घाट म्हणा, कुंभार्ली म्हणा, वळणाला क्लच, चढाला क्लच, समोरून ट्रक आला की क्लच. उजवा पाय ब्रेकचा आणि डावा क्लचचा. निवृत्त झालो आणि क्लचच्या पायानं दगा दिला. पहिल्यांदा जिना चढताना कुरकुरला, मग सपाटीला, आणि शेवटी तर मी गोठ्यापर्यंत जाऊन यायचो तरी माझी बायको शेवंती विचारायची, “कोणी मारला काय तुम्हांला?” निर्गुडीचा पाला बांधून झाला, विटेचा शेक घेऊन झाला, देवरुखच्या वैद्याचं तेल झालं. शेवटी रंजना येऊन मला गाडीत घालून रत्नागिरीला घेऊन गेली, आणि दिवाळीनंतर माझा डावा गुडघा बदलला.

डॉक्टर कोल्हापूरकडचे, मोकळ्या तोंडाचे. सोडताना म्हणाले, “अनाजीराव, गुडघा मी बसवला, पण चालवायचा तुम्ही. जेवढं चालाल तेवढा तो तुमचा होईल. मांडी नाही, उकिडवं नाही, उड्या नाहीत.”

“आणि पालखी?” मी विचारलं.

“शिमग्याला ना? वेळ आहे. नीट चाललात तर उचला, सगळे मिळून हळू न्या. नाचवू मात्र नका. नाचवलीत आणि काही झालं तर माझ्याकडं येऊ नका.”

मी त्यातलं पहिलं घेतलं आणि दुसरं सोडून दिलं. आपल्या सोयीचं तेवढं ऐकायची विद्या ड्रायव्हरला कंडक्टरच शिकवतो. नाचवायचं तेव्हाचं तेव्हा बघू, असं मी मनात ठरवून टाकलं. पंचक्रोशीत पालखी नाचवावी तर अनाजीनं, असं लोक म्हणायचे. ते ऐकायची मला सवय होती. ती सुटावी असं मला अजिबात वाटत नव्हतं.

म्हादूनं टोमणा मारला त्या दिवशी घरी येऊन मी शेवंतीला सांगितलं. ती नाचणीचं पीठ मळत होती, तिचे हात थांबले.

“भावजी बोलले? खरा?”

“बोलला म्हणजे टोमणा मारला.”

“टोमणा का होईना, तोंड उघडला ना.” ती परत मळायला लागली. “आणि बोलले ते बरोबर बोलले. रस्ता सपाट हाय म्हणून तुम्ही तिथं मिरवता. येणारे-जाणारे बघतात, विचारतात, कसा हाय अनाजीभाऊ, आणि तुम्ही हात वर करता. पाखाडीवर कोण बघणार तुम्हांला?”

बायकोला सगळं कळतं ही संसारातली मोठीच अडचण आहे. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पाखाडीच्या पायथ्याशी गेलो.

इस्पितळात व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. तिनं मला जिन्याचा नियम पाठ करून घेतला होता. चढताना चांगला पाय आधी वर टाकायचा आणि नव्याला त्याच्या शेजारी आणायचं. उतरताना उलट, नवा पाय आधी खाली आणि मग चांगला त्याच्या शेजारी. एका पायरीवर दोन्ही पाय आले की मगच पुढची पायरी. ऐकायला सोपं आहे. पण जन्मभर ज्या पायऱ्या मी ओल्या माशांची टोपली घेऊन धावत चढलो-उतरलो, त्या पायऱ्या मी लहान पोरासारखा एकेक करून चढत होतो. उजवा, मग डावा. परत उजवा, मग डावा. इस्पितळाच्या पायऱ्या एकसारख्या असतात. जांभ्याच्या पायऱ्या एक वीतभर उंच, दुसरी हातभर, तिसरी मधेच खचलेली. वर पोचलो तेव्हा मी घामानं भिजलो होतो आणि देवीकडं पाठ करून बसलो होतो, तिनं बघू नये म्हणून.

उतरायला लागलो आणि मागं पाऊल वाजलं. म्हादू. कोयता खांद्यावर, डोक्याला पंचा.

मी थांबलो की तो थांबे. मी चाललो की तो चाले. पुढं जायला वाट होती, पण तो गेला नाही. मी खाली पोचलो आणि तो आपल्या घराकडं वळला.

हे रोजचं झालं. मी चढायचो तेव्हा तो कुठं नसायचा. मी उतरायला लागलो की वरच्या पिंपळाकडून यायचा आणि माझ्या पाठीमागं लागायचा. एक शब्द नाही. चढाला नाही, नेमका उताराला.

“काजू बघायला जात असतील भावजी,” शेवंती म्हणाली, आणि स्वतःच थांबली. “पण त्यांची झाडा तर खालच्या अंगाला हायत.”

“काजू कसले बघतोय. मी कधी पडतो ते बघतोय.”

“अवो, असा कशाला म्हणता?”

“मग कसा म्हणू? मी पडलो की मान त्याचा. ही संधी तो घरी बसून घालवणार होय? पुढच्या रांगेत बसून बघतोय.”

मी तसंच मानलं होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा मला फायदाच झाला. पाठीवर शत्रूचे डोळे असले की माणूस ताठ चालतो. थंडी पडली, पाय दुखायचा, अंथरुणातून उठावंसं वाटायचं नाही. पण मी गेलो नाही तर म्हादू वर पिंपळाखाली उभा राहून हसेल, या एका विचारानं मी उठायचो. देवाचं नाव घेऊन उठणारी माणसं असतात, मी म्हादूचं घेऊन उठायचो.

एका सकाळी पडलो. पायऱ्यांवर आइनाची पानं पडली होती आणि त्यांच्यावर दव होतं. काठी सरकली, मी उजव्या अंगावर बसलो आणि दोन पायऱ्या तसाच घसरत खाली आलो. पायाला काही झालं नाही हे लगेच कळलं. ढुंगणाला झालं होतं, पण त्याची कुणी शस्त्रक्रिया करत नाही. वर बघितलं. म्हादू उभा होता. जागेवरून हललाही नव्हता.

“बघतोस काय?” मी ओरडलो.

“बघतोय उठतोस कसा ते.”

“हात दे म्हटला तर देशील?”

“म्हणून बघ.”

मी म्हटलं नाही. दोन्ही तळवे पायरीवर रोवले, चांगला पाय खाली घेतला, आणि एक शिवी मनात आणि एक तोंडात घालून उभा राहिलो. पहिल्या झटक्यात नाही, पण राहिलो. काठी खाली दरीत गेली होती. ती आणायला म्हादू उतरेल असं वाटलं, तो उतरला नाही. उरलेल्या पायऱ्या मी काठीशिवाय उतरलो. घरी येईपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं की मी काठीशिवाय आलोय. ते शेवंतीनं सांगितलं, आणि सांगताना रडली.

त्यानंतर मी दुसरी काठी केली नाही.

शिमगा जवळ आला तशी देवळात सभा बसली. भिकू गुरव देवीची पूजा करतो आणि शिमग्याचं सगळं तोच मांडतो. वयानं आमच्याएवढाच, पण देवळात बसला की आजोबा होतो. त्यानं एकेक घराचं नाव घेतलं आणि माझ्याशी आला तसा थांबला.

“अनाजी, यंदा काय?”

सगळे माझ्या गुडघ्याकडं बघत होते, जसा काही तोच उत्तर देणार होता. मी म्हादूकडं बघितलं. तो समोरच्या खांबाला टेकून बसला होता. त्यानं नुसतं “पायाची काळजी घ्यावी माणसानं” एवढं म्हटलं असतं तरी सभा त्याच्या बाजूनं झुकली असती. माझ्या काळजीपोटी झुकली असती, म्हणजे मला काही बोलताही आलं नसतं.

“म्हादू, तुझा काय?” भिकूनं विचारलं.

“त्याला विचारलास ना? मग त्याचा ऐक.”

“उचलणार,” मी म्हणालो. “आणि नाचवणार.”

नाचवणार हे मी का बोललो कोण जाणे. कुणी विचारलं नव्हतं. पण बोलून गेलो आणि देवळात बोललेलं मागं घेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी गोठ्यामागं गेलो, भाताचं अर्धं पोतं खांद्यावर घेतलं आणि एक गिरकी घेऊन बघितली. पाय दुखला नाही. दुखला असता तर बरं झालं असतं, मी त्याच्याशी भांडलो असतो. पण पायाला नुसतं कळलंच नाही मी काय मागतोय ते. चाल म्हटलं की चालत होता, चढ म्हटलं की चढत होता, आणि गिरकी म्हटली की एखाद्या परगावच्या माणसासारखा माझ्या तोंडाकडं बघत होता. मी परत घेतली. परत तेच.

“नाचायचा विचार असेल तर आत्ताच सांगा,” मागून शेवंती म्हणाली. “मी माहेरी जाते.”

“तुझ्या माहेरी आता राहतंय कोण?”

“कोणी नसला तरी जाईन.”

मी पोतं खाली ठेवलं.

होळी झाली आणि आमच्या वाडीचा दिवस आला. सहाणेवर पालखी सजली होती, आत देवीची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, वर झेंडूच्या माळा. उन्हं उतरायला आली होती. ढोल वाजला, मी पुढं झालो आणि दांडीखाली खांदा घातला. मागून म्हादूनं घातला. मध्ये वरच्या वाडीतले दोघं गडी. भिकूनं “चला” म्हटलं आणि पालखी उठली.

पाय डगमगला नाही. देवळाच्या सपाटीवरून मी चाललो आणि मला एवढं हलकं वाटलं की हसू आलं. लोक बाजूला होऊन वाट देत होते, बायका ओवाळत होत्या, आणि मी जुना अनाजी होतो. असं पाखाडीच्या तोंडापर्यंत.

पहिल्या पायरीवर आलो आणि पाय तिथंच अडला. इतके दिवस चढलो-उतरलो आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात एकदाही आली नव्हती. मी एकटा उतरायला शिकलो होतो. पालखी एकटा माणूस उतरवत नाही. बाकीचे तिघं जण माणसं उतरतात तसे उतरणार, एका पायरीवर एक पाय, पुढचीवर दुसरा. मी दर पायरीला थांबणार. मी थांबलो की मागचे पुढं रेटणार, दांडी धक्का खाणार, पालखी हेलकावणार. आणि उतरताना पालखी हेलकावली, रूपं एकमेकांवर आपटली, तर आमच्या गावात वर्षभर त्याचीच चर्चा होते. कुणाचा बैल मेला तरी अनाजीचं नाव निघालं असतं.

ही चूक ड्रायव्हरच करू शकतो. तो पुढं बसतो, त्याला वाटतं आपण वळलो की अख्खी गाडी वळते. मागच्या माणसांचे पाय त्याला कधी दिसतच नाहीत.

ढोलवाले पुढं उतरायला लागले होते. थांबून राहणं शक्य नव्हतं. मी डावा पाय खाली टाकला आणि धक्क्याची वाट बघितली.

“डावा,” मागून कुणीतरी हळू म्हणालं.

धक्का आला नाही. मी उजवा शेजारी आणला. दांडी जिथल्या तिथं. परत डावा पाय खाली टाकला.

“डावा.”

आता ओळखलं. म्हादू होता. मोठ्यानं नाही, ढोलात कुणाला ऐकूही गेलं नसतं. दर पायरीला तो तेवढाच शब्द टाकत होता, आणि दर पायरीला पाठीमागं तीन पाय एकदम पडत होते. डावा. मग उजवा शेजारी. मी मान किंचित वळवून खाली बघितलं. तिघंही माझ्यासारखेच उतरत होते. नव्या गुडघ्याची चार माणसं असावीत तसे. खचलेल्या पायरीशी मी नेहमी थोडा जास्त थांबायचो, तिथं तेही थांबले. वळणाला मी बाहेरच्या अंगानं जायचो, तसे गेले. पालखी पाण्यावर ठेवल्यासारखी खाली येत होती. वरून बायका म्हणत होत्या, “काय सांभाळून आणतायत बाय.” सांभाळून वगैरे काही नव्हतं. ती माझी चाल होती.

अर्ध्या पाखाडीत मला पुढचं दिसेना, कारण डोळे भरून आले होते. पायाला दिसत होतं, म्हणून निभावलं.

वाडीच्या मांडावर पोचलो. मांड म्हणजे वाडीच्या मधलं सारवलेलं मोकळं अंगण, तिथंच पालखी नाचते. ढोलवाल्यांनी अंगठ्यानं कातडी ताणून बघितली, आणि नाचवायच्या आधी जी घडीभर उसंत मिळते, ती मिळाली. पालखी खांद्यावरच होती.

“हे कधी केलात?” मी मान न वळवता विचारलं.

“तुझ्या मागून रोज काय तुझी पाठ बघत येत होतो?” म्हादू म्हणाला. “पावलाला पाऊल लावून बघत होतो. सुरुवातीला माझाच तोल जायचा. मग ह्या दोघांना शिडी दिली खांद्यावर आणि संध्याकाळी पाखाडीनं उतरवला. एक तर म्हणाला, म्हादूकाका, आपण लंगडे कधी झालो?”

मधल्या दोघांतला एक जण हसला.

“पण का?” मी विचारलं. “मी चुकलो असतो तर मान तुझा होता. सभेत मागितला होतास.”

“मागितला होता. पायजे होता, खोटा कशाला बोलू? अजून पायजे.” त्यानं दांडी खांद्यावर नीट घेतली. “पण तू पडलास म्हणून मिळालेला नको. लोक म्हणाले असते, म्हादूनं वाट बघितलीन. आणि रंजना असताना झील नाय म्हणून जे बोललो, ते बोलायला नको होता. ते तेव्हाच कळला. पण तू आलास नाय भांडायला, मग मी सांगणार कोणाला?”

माझ्याकडं बोलायला खूप होतं, पण तेवढ्यात ढोलावर टिपरी पडली.

तो ताल कानात गेला की अंग आपसूक उठतं. माझंही उठलं. लोक गोल करून उभे राहिले, कुणी तरी “अनाजीभाऊ” अशी हाक दिली, आणि मला कळलं की मी आता गिरकी घेतली तर घेईन. कदाचित घेऊनही जाईन. पाय मोडला तर मोडला, लोक म्हणतील नाचवता नाचवता मोडला. त्यातही एक रुबाब होता. शेवंती गर्दीच्या कडेला उभी होती. डोळे मिटून घेतले तिनं.

मग मी खाली बघितलं, माझ्या पायाकडं. एवढी वाट त्यानं मला उतरवून आणलं होतं. न कुरकुरता. रोज सकाळी त्यानं जे जे मागितलं ते मी दिलं होतं आणि मी मागितलं ते त्यानं दिलं होतं. तो जुन्या पायासारखा नव्हता, आणि होणारही नव्हता, पण आता तो माझा होता. त्याला मी लोकांच्या एका हाकेसाठी पणाला लावणार होतो.

“म्हादू,” मी म्हणालो, “पुढं ये.”

“काय?”

“पुढं ये. खांदा घे. नाचव.”

“मी मागितला नाय.”

“मी देतोय. ये लवकर, ढोल थांबायचा नाय.”

मागं वाडीतल्या एका गड्यानं खांदा लावला आणि म्हादू पुढं आला. घडीभर आम्ही दोघं एकाच दांडीखाली खांद्याला खांदा लावून उभे होतो. मग मी बाजूला झालो. माझा खांदा मोकळा झाला तेव्हा एक कळ आली, ती पायात नव्हती. ती मला अजून आठवते.

म्हादूनं पालखी नाचवली. काय नाचवली, ते मला कबूल करावं लागेल. पालखी डोक्यावर गेली, खाली आली, फिरली, आणि गोंडे त्याच्या मागून फिरत राहिले. मला आधी मत्सर वाटला. मग वाटलं, अरे, एवढं जमत होतं याला आणि हा इतकी वर्षं माझ्या पाठीमागं दांडी धरून चालला. लोक टाळ्या देत होते. मीही दिल्या. देत राहिलो.

पालखी मांडावर टेकली. भिकू गुरव पुढं आला. नाचून झाली की तो वाडीच्या वतीनं देवीला गाऱ्हाणं घालतो, मानकऱ्याचं नाव घेऊन तिच्या कानावर सगळं घालतो. तो माझ्याकडं बघत होता आणि म्हादूकडं बघत होता.

“मानकरी कोण म्हणू?” त्यानं हळू विचारलं. “उचलायचा आणि नाचवायचा मान एकच असतो. अशी फोड आजवर कधी झाली नाय.”

“आज झाली,” मी म्हणालो. “उतरवली अनाजीनं, नाचवली म्हादूनं. दोघांचा म्हण.”

म्हादूला दम लागला होता. तो पंच्यानं तोंड पुसत राहिला. बराच वेळ पुसत राहिला.

“बरा,” भिकू म्हणाला. “आणि तुझ्या पायाचा काय सांगू? पयल्यासारखा होऊ दे म्हणून सांगतो.”

“नको. पाय हाय तो बरा हाय. माझ्यासाठी काय मागू नको.”

“मग मागू काय?”

मी म्हादूकडं बघितलं. त्याचे खांदे अजून वरखाली होत होते. साठी तोही ओलांडून गेला होता.

“म्हादूचे गुडघे सांभाळ म्हणावं,” मी म्हणालो. “वर्षाला परत नाचवायची हाय.”

भिकूनं हात जोडले आणि आवाज चढवला. “हे माय वाघजाई, आज मधल्या वाडीत तुझी पालखी आली. अनाजीनं उतरवली, म्हादेवानं नाचवली, ती सेवा गोड मानून घे. म्हादेवाच्या गुडघ्यांत बळ दे, आणि दोघां भावांना वर्षाला परत एका दांडीखाली आण.”

“व्हय महाराजा,” सगळी वाडी म्हणाली.

मी सगळ्यात मोठ्यानं म्हणालो.